गोळी उतरल्यावरही कॅमेरा सुरू राहावा

गेल्या वर्षी ११ एप्रिलच्या, म्हणजे जागतिक पार्किन्सन्स दिनाच्या, चार दिवस आधी एका वृत्तवाहिनीची माणसे आमच्या पुण्यातल्या घरी आली होती. बाबांना पार्किन्सन्स होऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. या आजारासह जगणाऱ्या एका ज्येष्ठ नागरिकाचा दिवस वाहिनीला दाखवायचा होता आणि एका ओळखीच्या व्यक्तीने त्यांना बाबांचे नाव सुचवले होते. बाबांनी लगेच होकार दिला. बँकेतून निवृत्त झालेल्या, आयुष्यभर माणसांशी बोलण्यात रमलेल्या बाबांना आपल्या अनुभवाचा कुणाला तरी उपयोग व्हावा असे मनापासून वाटत होते. चित्रीकरणासाठी सकाळी अकराची वेळ ठरली, कारण दहाची गोळी घेतल्यावर साधारण पाऊण तासाने त्यांचे अंग मोकळे होते आणि पुढचे दोन तास ते बऱ्यापैकी चालू-बोलू शकतात. परक्या माणसांसमोर आपण नीटनेटके दिसावे, एवढीच साधी इच्छा त्यामागे होती. पुढे जे घडले त्याचे मूळ मला आज त्या वेळेच्या निवडीतच दिसते.

वार्ताहर तरुण आणि अदबशीर होता. बाबांनी स्वतः दार उघडले, खुर्च्या पुढे केल्या, आणि अर्धा तास ते बोलत राहिले. त्यानंतर त्या मुलाने जरा संकोचून विचारले, "काका, हात थरथरतोय असं थोडं दाखवता येईल का? नाहीतर बघणाऱ्यांना कळणारच नाही की तुम्हाला काही झालंय." बाबा म्हणाले, "अरे, माझा हात थरथरतच नाही. मला कंप नाही, ताठरपणा आहे." मुलाने मान डोलावली, पण तो गोंधळलेला दिसला. त्याच्या मनातला पार्किन्सन्स आणि समोर बसलेला माणूस यांचा मेळ बसत नव्हता, आणि याबद्दल मी त्याला दोष देत नाही, कारण बाबांचे निदान होईपर्यंत आमच्या मनातला पार्किन्सन्सही तोच होता. बाबांच्या उजव्या खांद्याचे दुखणे आम्ही दीड वर्ष फ्रोझन शोल्डर समजून शेकत होतो.

हा गैरसमज नावापासूनच सुरू होतो. आपल्याकडे या आजाराला कंपवात म्हणतात. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी सहा जणांच्या निरीक्षणांवरून १८१७ साली जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातही थरथरीचाच उल्लेख होता. (११ एप्रिल ही त्यांची जन्मतारीख; साल १७५५.) प्रत्यक्षात घडते ते असे की मेंदूच्या तळाकडच्या एका लहानशा काळसर भागातल्या, डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी नाश पावत जातात, आणि हालचाल सुरू करणे, तिचा वेग टिकवणे, विचार न करता ती होऊ देणे या गोष्टी अवघड होऊन बसतात. हालचालींचा मंदपणा हे या आजाराचे गाभ्याचे लक्षण आहे. त्याच्या जोडीला कधी ताठरपणा असतो, कधी कंप, कधी दोन्ही. पुढे तोलही जाऊ लागतो. कंप अजिबात नसलेले कितीतरी शुभार्थी मी पाहिले आहेत. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात, आणि हे शब्द इतके योग्य आहेत की आमच्या घरात आता 'पेशंट' हा शब्द उरलेला नाही. याशिवाय बद्धकोष्ठता, वास न येणे, झोपेत ओरडणे आणि हातपाय झाडणे, मन खिन्न होणे ही लक्षणे काही जणांत हालचाली मंदावण्याच्या कितीतरी वर्षे आधी आलेली असतात. ती कॅमेऱ्याला दिसत नाहीत; कुणीतरी ती विचारावी लागतात.

प्रसारण आम्ही सगळ्यांनी एकत्र बसून पाहिले. वृत्तांत तीन मिनिटांचा होता. पहिल्याच दृश्यात एक थरथरणारा हात होता आणि तो बाबांचा नव्हता. मग बाबा दिसले, पण त्यांचा आवाज दोन वाक्यांपुरताच ऐकू आला. आजारामुळे तो हळू आणि एकसुरी झाला आहे, शब्द एकमेकांना चिकटतात, आणि त्यामुळे असेल, त्यावर निवेदिकेचा आवाज घालण्यात आला होता. खाली सारंगी वाजत होती. गोळी आणि डाळ-उसळ-पनीर यांच्यात अंतर का ठेवावे लागते, रात्री पलंगावर कूस बदलण्यासाठी कोणती युक्ती करावी, बोलताना वाक्याआधी श्वास का भरून घ्यावा, हे सगळे बाबांनी अर्धा तास सांगितले होते. नऊ वर्षांत चुकत-माकत कमावलेले ते ज्ञान होते. त्यातले एकही वाक्य वृत्तांतात आले नाही. आई उठून आत गेली. बाबा पुढच्या बातम्या पाहत राहिले. त्यांना काय वाटले ते चेहऱ्यावरून समजले नाही, कारण या आजारात चेहऱ्याचे स्नायूही मंदावतात आणि मनात काहीही चाललेले असले तरी चेहरा स्थिर राहतो.

त्या रात्री मी बराच वेळ याचाच विचार करत होते. टीव्हीचा सगळा कारभार बोलका चेहरा, स्पष्ट आवाज आणि झटपट बदलणारी दृश्ये यांवर चालतो. पार्किन्सन्स माणसाकडून नेमके तेच काढून घेतो. त्यामुळे टीव्हीला हा आजार दाखवायचा असेल तर त्याला स्वतःच्या काही सवयी बाजूला ठेवाव्या लागतील, आणि त्या न ठेवता केलेला वृत्तांत आपोआप दुसऱ्याच कुणाच्या तरी हातावर जाऊन थांबेल.

तरीही मी असे म्हणणार नाही की तो वृत्तांत व्यर्थ गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ मुद्दाम भेटायला आले आणि म्हणाले, "साहेब, माझं चुकलंच. तुम्ही हल्ली हसून ओळख देत नाही म्हणून मी मनात राग धरून होतो." तीन वर्षे ते बाबांशी बोलत नव्हते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात बाबांना पाकिटातून नोटा काढायला वेळ लागला की मागच्या रांगेतून चुकचुकणे ऐकू येई. त्या आठवड्यापासून दुकानदाराने त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवले, ते आजही तिथे आहे. एका बाईंनी आईला विचारले की त्यांच्या भावाचे अक्षर अलीकडे मुंगीसारखे बारीक होत चालले आहे, तर त्याला कोणत्या डॉक्टरांकडे न्यावे. आम्ही नऊ वर्षे ज्याला भेटेल त्याला समजावून सांगत होतो, आणि त्या तीन सदोष मिनिटांनी त्याहून जास्त दारे उघडली. म्हणूनच या माध्यमाकडून अधिक मागावे असे मला वाटते.

पार्किन्सन्स आणि टीव्ही यांचा संबंध कुणाच्या आयुष्यात सर्वांत खोलवर दिसत असेल, तर तो मायकल जे. फॉक्स या अभिनेत्याच्या. १९९१ साली, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी त्यांचे निदान झाले. त्याच्या आदल्या वर्षी एका चित्रीकरणाच्या वेळी डाव्या हाताची करंगळी आपोआप हलू लागली होती, ती सुरुवात. पुढची सात वर्षे त्यांनी हे जगापासून लपवले, आणि त्यातली शेवटची दोन वर्षे तर ते 'स्पिन सिटी' या लोकप्रिय मालिकेत समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढे काम करत होते. डाव्या हातात सतत काहीतरी धरून ठेवायचे म्हणजे कंप दिसत नाही, गोळीची वेळ अशी साधायची की प्रवेश सुरू होताना तिचा असर भरात असेल. हे वाचले तेव्हा मला आमची अकराची वेळ आठवली. कोट्यवधी लोक ज्या माणसाला आठवड्याला पाहत होते, त्याचा आजार त्यांना दिसला नाही, कारण त्यांना फक्त गोळीचा असर असलेली मिनिटे दाखवली जात होती.

१९९८ च्या अखेरीस त्यांनी आजार जाहीर केला, २००० साली मालिका सोडली आणि संशोधनाला पैसा मिळवून देणारी संस्था काढली. मला मात्र त्यांच्या दोन उपस्थिती सर्वांत महत्त्वाच्या वाटतात, आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहायला हव्यात. सप्टेंबर १९९९ मध्ये पार्किन्सन्सच्या संशोधनासाठी निधी मागायला ते अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे गेले, तेव्हा त्यांनी मुद्दाम गोळी घेतली नाही. औषधाशिवाय हा आजार कसा दिसतो ते कायदे करणाऱ्यांना दिसावे, हा त्यामागचा विचार होता. नंतर ऑक्टोबर २००६ मध्ये मिझुरी राज्यातून अमेरिकी सिनेटसाठी उभ्या असलेल्या क्लेअर मॅकॅस्किल यांच्यासाठी, मूलपेशी संशोधनाला पाठिंबा मागणाऱ्या एका टीव्ही जाहिरातीत ते दिसले. त्यात त्यांचे सगळे अंग डोलत होते, मान आणि खांदे एका जागी राहत नव्हते. रेडिओवरचे भाष्यकार रश लिंबॉ यांनी त्यांची नक्कल केली आणि फॉक्स यांनी एकतर औषध घेतलेले नाही किंवा ते अभिनय करत आहेत, असा आरोप केला.

खरी गोष्ट उलटी होती आणि ती फॉक्स यांनी नंतर सीबीएस वाहिनीवर केटी कुरिक यांना दिलेल्या मुलाखतीत सांगितली. ते डोलणे औषध न घेतल्याचे नव्हते, औषधाचे होते. लेव्होडोपा हे या आजारावरचे मुख्य औषध. आपल्याकडे बहुतेक घरांत ते सिंडोपा या नावाने ओळखले जाते. ते मेंदूत जाऊन डोपामिन बनते आणि माणूस हलू लागतो. परंतु काही वर्षांनी अनेकांमध्ये त्या औषधाचा असर ऐन भरात असताना अंग नको तितके हलू लागते. डॉक्टर त्याला डिस्कायनेशिया म्हणतात. म्हणजे गोळी कमी पडली की माणूस थिजतो, जास्त झाली की डोलतो, आणि या दोहोंमधल्या अरुंद पट्टीवर त्याला दिवस काढायचा असतो. ही गोष्ट लाखो प्रेक्षकांपर्यंत एका आरोपाच्या निमित्ताने पोचली. फॉक्स यांना तो अपमान सोसावा लागला याचे मला आजही वाईट वाटते. पण बाबांचे डोलणे सुरू झाले तेव्हा "औषध बंद करा, त्यानेच वाढतंय" असा सल्ला देणाऱ्या नातेवाइकांना समजावताना मला याच प्रसंगाचा उपयोग झाला.

२०२३ मध्ये फॉक्स यांच्यावर एक माहितीपट आला. त्यात ते न्यूयॉर्कच्या फुटपाथवरून चालत असतात, समोरून येणारी एक बाई त्यांना ओळखून अभिवादन करते, ते उत्तर द्यायला वळतात आणि पडतात. बाबांनी ते दृश्य थांबवायला सांगून पुन्हा पाहिले. चालणे, वळणे आणि बोलणे ही तीन कामे एकाच वेळी करायची वेळ आली की तोल जातो, हे बाबांना ठाऊक होते, पण ते शब्दांत सांगता येत नव्हते. आता आमच्या घरी नियम आहे की बाबा चालत असताना त्यांना हाक मारायची नाही.

ब्रिटनमध्ये टीव्हीने याहून वेगळी कामगिरी केली. बीबीसीचे तेव्हाचे तंत्रज्ञान प्रतिनिधी रोरी केलन-जोन्स २०१९ च्या मे महिन्यात थेट प्रक्षेपण करत असताना त्यांचा हात थरथरताना काही प्रेक्षकांच्या लक्षात आला, आणि त्यांनी त्याच दिवशी आपले निदान जाहीर केले. जेरेमी पॅक्समन हे तिथले धारदार प्रश्नांसाठी प्रसिद्ध असलेले पत्रकार. ते पडल्यामुळे रुग्णालयात गेले असता तिथल्या डॉक्टरांनी त्यांना पार्किन्सन्स असावा असे सांगितले, कारण ते सूत्रसंचालन करत असलेला प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम डॉक्टर पाहत असत आणि त्यांचा चेहरा पूर्वीसारखा हलत नाही हे त्यांच्या नजरेत भरले होते. पॅक्समन यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये आयटीव्हीवरच्या माहितीपटात आपले आजारपण जसे आहे तसे, चिडचिडीसकट, दाखवले. त्यांनी आजाराबद्दल एकही गोड शब्द काढला नाही, आणि माझ्या आईला तो माणूस त्यामुळेच आवडला. शुभंकर म्हणून नऊ वर्षे तिला सगळ्यांनी "सकारात्मक राहा" एवढेच सांगितले होते.

आपल्याकडे काहीच होत नाही असे नाही. वाहिन्यांवर डॉक्टरांच्या मुलाखती होतात, प्रेक्षकांचे फोन घेतले जातात, आणि निदान कसे होते, कोणती औषधे असतात हे त्यातून अनेकांना प्रथमच समजते. मुंबईत २००१ पासून काम करणारी पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्याचे मित्रमंडळ यांनी व्यायाम, नृत्य, सहली, सभा यांतून जे उभे केले आहे, त्याची दखलही अधूनमधून घेतली जाते. मात्र स्टुडिओत डॉक्टर असतात आणि शुभार्थी नसतो. मालिकांमध्ये असा माणूस आलाच तर तो पलंगावर पडलेला असतो आणि त्याच्याभोवती उरलेल्यांचे दुःख चाललेले असते. सकाळी उठून दात घासणारा, शर्टाची बटणे लावणारा, नातवाला गणित शिकवणारा, दुपारी दोनच्या गोळीची वाट पाहत खुर्चीत थिजलेला आणि अडीच वाजता पुन्हा गणित शिकवायला बसणारा माणूस मला अजून मराठी पडद्यावर दिसलेला नाही.

खरे म्हणजे हलत्या चित्राइतके योग्य माध्यम या आजाराला दुसरे नाही, कारण त्यातल्या काही गोष्टी सांगून पटतच नाहीत. आमच्या घरात बाबा दिवाणखान्याच्या सपाट फरशीवर पाय चिकटल्यासारखे थबकतात, आणि तेच बाबा जिना मात्र सलग उतरून जातात. पाहुण्यांना हे नाटक वाटते. भारतातून नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला डिझाइन शिकायला गेलेल्या मिलेहा सोनेजी यांनी आपल्या काकांमध्ये हेच पाहिले आणि सपाट जमिनीवर पायऱ्यांचा भास होईल असे चित्र अंथरले. त्यावरून काका न थबकता चालले. ती ध्वनिचित्रफीत पाहिल्यावर आम्ही स्वयंपाकघर ते न्हाणीघर या वाटेवर रंगीत चिकटपट्टीचे आडवे पट्टे मारले. नेदरलँड्सच्याच डॉक्टरांनी २०१० मध्ये एका ५८ वर्षांच्या गृहस्थाचे चित्रण प्रसिद्ध केले होते. त्यांना चार पावले टाकणे जमत नव्हते, पण सायकलवर बसवल्यावर ते सहज चालवत गेले आणि उतरताच पुन्हा थिजले. या चित्रणाला सारंगीची गरज पडली नाही. ते पाहणाऱ्या कुणालाही पुन्हा असे म्हणता येणार नाही की माणूस मनात आणेल तर चालू शकतो.

यंदाच्या एप्रिलसाठी आम्ही त्याच वाहिनीला पत्र लिहिले आहे. मजकूर बाबांनी सांगितला, मी लिहून घेतला. अकराऐवजी सकाळी सव्वानऊला यावे, कारण तेव्हा सहाच्या गोळीचा असर पूर्ण उतरलेला असतो आणि दहाची घ्यायची असते. कॅमेरा एका जागी लावावा आणि गोळी लागू होईपर्यंत बंद करू नये. माझा आवाज हळू आहे, तेव्हा माइक ओठांजवळ लावावा, खाली अक्षरे द्यावीत, पण आवाज माझाच ठेवावा. मी थांबलो तर वाक्य पुरे करू नये. माझ्या पत्नीशीही वेगळे बोलावे, मी त्या खोलीत नसताना. संगीत लावू नये. घर लहान आहे, तेव्हा दोनच माणसांनी यावे. चहा आम्ही देऊ.

सही बाबांनी स्वतः केली. ती पहिल्या अक्षरापासून बारीक होत गेली आहे, शेवटचे अक्षर वाचता येत नाही. मी खाली नाव छापून देऊ का असे विचारले, तर ते नको म्हणाले. सही जशी आहे तशीच जाऊ दे, त्यांनाही कळेल. पत्र मंगळवारी टाकले.